लॉस एंजेलिसमध्ये, सिनेमातल्या पोरांच्या मागावर

ग्रिफिथ ऑब्झर्व्हेटरीच्या पश्चिमेकडच्या हिरवळीवर जेम्स डीनचा अर्धपुतळा आहे. त्याच्या मागे डोंगरावर हॉलिवूडची पाटी दिसते, त्यामुळे फोटोसाठी रांग होती. माझ्या पुढच्या जोडप्याने फोटो काढला आणि मग एकमेकांना विचारलं, ‘हा कोण?’

मेट्रोच्या व्हर्मॉंट-सनसेट स्टेशनवरून छोटी डॅश बस इथवर आणून सोडते. १९३५ सालची ही पांढरी वास्तू बघायला पैसे पडत नाहीत, फक्त सोमवार टाळा. डीन नायक असलेल्या ‘रिबेल विदाउट अ कॉज’ या १९५५ च्या चित्रपटात शाळेची सहल इथल्याच तारांगणात येते. निवेदक विश्वाच्या अंताबद्दल गंभीरपणे बोलतोय आणि पोरं टवाळक्या करतायत. बाहेर येताच चाकू निघतात. डीन स्वतः चित्रपट लागायच्या महिनाभर आधी, चोविसाव्या वर्षी, मोटार अपघातात गेला.

त्याच सुमाराला हॉलिवूडला ही पोरं दिसायला लागली, त्यामागे सरळ हिशेब होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या निकालाने स्टुडिओंच्या हातून थिएटरं सुटत गेली, पाठोपाठ घराघरांत टीव्ही आला. आईबाप संध्याकाळी दिवाणखान्यात बसू लागले. मग थिएटरला उरलं कोण? ज्यांना घरात बसायचंच नव्हतं ते. त्यांच्या खिशात थोडे पैसे होते आणि बुडाखाली गाडी. पन्नासच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत गाडीत बसूनच सिनेमा बघायची चारेक हजार ड्राइव्ह-इन थिएटरं होती, ती काय म्हाताऱ्यांसाठी नव्हती.

‘रिबेल’मध्ये डीन, नताली वूड आणि सॅल मिनिओ रात्री ज्या ओसाड वाड्यात घर-घर खेळतात, तो विल्शायर बुलेव्हार्डवर होता. १९५७ मध्ये तो पाडला. मी तरी जाऊन आले. कचेऱ्या आहेत, बघण्यासारखं काही नाही.

व्हेनिस हायस्कूलला मात्र मावसबहिणीच्या मुलीने नेलं. ती सोळाची, नुकताच परवाना मिळालेला, शेजारी आई जीव मुठीत धरून. कॅलिफोर्नियात या वयात पहिलं वर्षभर रात्री अकरानंतर एकट्याने गाडी काढता येत नाही आणि सोबत मोठं माणूस नसेल तर वीस वर्षांखालच्या दोस्तांना बसवताही येत नाही. हा नियम सिनेमातल्या पोरांना लावला असता तर निम्म्या गोष्टी सुरूच झाल्या नसत्या! ‘ग्रीस’मधली शाळा ती हीच. कुंपणाबाहेरूनच पाहिली. भाचीला तो चित्रपट पाठ आहे, पण त्यातल्या ‘विद्यार्थिनी’ स्टॉकर्ड चॅनिंग तेव्हा तेहतीस वर्षांच्या होत्या हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘मावशी, त्या तर आमच्या टीचर वाटतात!’’ मला वाटतं, ते चालून गेलं, कारण १९७८ चा हा चित्रपट मुळात मुलांसाठी नव्हताच. पन्नासच्या दशकात जे सोळाचे होते, त्यांनी आपलं तारुण्य धुऊनपुसून पुन्हा पाहिलं. त्यातली गाड्यांची शर्यत लॉस एंजेलिस नदीत होते. नदी म्हणजे काँक्रीटचा रुंद नाला, मधोमध पाण्याची बारीक धार.

सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या शर्मन ओक्स गॅलेरिया या मॉलमध्ये निराशा झाली. ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ (१९८२) मधली मुलं शाळा सुटली की याच मॉलमध्ये नोकरी करतात, तिथेच प्रेमात पडतात, तिथेच तोंडघशी पडतात. एमी हेकरलिंग यांच्या या पहिल्याच चित्रपटात एका मुलीचा गर्भपात कोणताही उपदेश न करता येतो. तो बंदिस्त मॉल आता उरला नाही. उघडं आवार, उपाहारगृहं आणि कचेऱ्या आहेत.

परतताना क्रेनशॉ या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत मेट्रोच्या के लाइनने गेले, एकटीच. टेकडी, समुद्रकाठ, व्हॅली इथल्या पडद्यावरच्या बहुतेक पोरांना कुठेही जाता येतं, पोलीस आले तर घरी पोहोचवायला येतात. जॉन सिंगलटन यांच्या ‘बॉइझ एन द हूड’ (१९९१) मध्ये पोरं पायी चालतात आणि डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतं. क्रेनशॉ बुलेव्हार्डवर रात्री गाड्या घेऊन जमणं त्यांच्याही नशिबी आहे, पण तिथे गोळी सुटते आणि सगळे पांगतात. सिंगलटन याच भागात वाढले. दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालं तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. त्या विभागात नामांकन मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक.

रात्री तो चित्रपट भाचीबरोबर पाहिला. डीनचा पडद्यावरचा बाप बायकोचा एप्रन बांधून गुडघ्यांवर बसतो, पोराला हवं असलेलं एक सरळ उत्तर त्याला देता येत नाही. इथे लॉरेन्स फिशबर्नने रंगवलेला बाप मुलाला आवार झाडायला लावतो, मासे धरायला नेतो आणि घरांचे भाव का पडतात, वस्तीत बंदुकीची दुकानं का आहेत हे भर रस्त्यात उभं राहून समजावतो. तो लांबलचक प्रवेश मला भाषण वाटला. भाचीने मात्र मागे नेऊन तो पुन्हा लावला.