तिरकस गुणाकार थोडा उशिराच शिकवा

गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्यात बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: मूल पटीऐवजी फरक बघतं.

संत्र्याच्या स्क्वॅशचं उदाहरण नागपुरातल्या कुठल्याही वर्गात चालतं. 4 वाट्या स्क्वॅशला 10 वाट्या पाणी. चव तीच हवी, स्क्वॅश 6 वाट्या आहे, तर पाणी किती? हमखास ऐकू येणारं उत्तर आहे 12. स्क्वॅश 2 ने वाढला, म्हणून पाणीही 2 ने. नुसतं ‘चूक’ म्हणू नका. त्याच रीतीने उलटं जायला सांगा: दोन्हींतून 4 वाट्या कमी करा. स्क्वॅश संपला, पाणी 6 वाट्या उरलं. याची चव तीच का? इथे मुलांना स्वतःलाच पटतं. मग विचारा, 4 चे 6 म्हणजे कितीपट? दीडपट. मग पाणीही दीडपट, 15 वाट्या.

आकडे असेच निवडा. 4 चे 8 केले तर दुप्पट सहज दिसते आणि बेरजेची सवय तशीच लपून राहते. दीडपट, सव्वापट आली की ती उघडी पडते. सारणीत 2–5, 4–10, 6–15 लिहा आणि आडवंही वाचून घ्या: पाणी प्रत्येक ओळीत स्क्वॅशच्या अडीचपट.

दुसरी चूक वाटणीत होते. 45 संत्री 2 : 3 प्रमाणात वाटायची, तर काही जण 45 चे दोन तृतीयांश काढून 30 लिहितात. आधी एकूण भाग मोजायला लावा: 5 ढीग, प्रत्येकी 9, म्हणून 18 आणि 27. एककं सारखी करणं तर हवंच, 750 ग्रॅम : 2 किलो म्हणजे 3 : 8.

‘एक वाढलं की दुसरं वाढतं, म्हणजे समप्रमाण’ हा नियम मात्र कृपया देऊ नका. ऑटोचं भाडं अंतराबरोबर वाढतं, पण सुरुवातीच्या किमान भाड्यामुळे दुप्पट अंतराला दुप्पट होत नाही. मे महिन्यात गच्चीवर एक शर्ट तासाभरात वाळला, तर पाच शर्टही तासाभरातच वाळतात. 6 मजुरांचं 12 दिवसांचं काम 8 मजूर 9 दिवसांत करतात. तिथे गुणाकार 72 कायम राहतो. प्रत्येक वेळी विचारा: हे दुप्पट केलं तर ते दुप्पट होईल, निम्मं होईल, की दोन्ही नाही?

एवढं झाल्यावर तिरकस गुणाकाराकडे, म्हणजे एका अपूर्णांकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणण्याकडे वळा: 4/10 = 6/क्ष मांडा. दोन्ही बाजूंना 10क्ष ने गुणलं की 4क्ष = 60 मिळतं, हे फळ्यावर एकदा पूर्ण करून दाखवा. आलेले 15 सारणीशी ताडून पाहायला सांगा.