आमची वाटचाल : हातभर भिंतीतला खरा दगड

साताऱ्यात गोडोली भागातील आमच्या छोट्या कार्यशाळेत किल्ले, वाडे, घाट आणि जुन्या घरांच्या लघुप्रतिकृती तयार होतात. मात्र आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक आमच्या भिंती पाहून येतात. काळ्या पाषाणाची तटबंदी, पोपडे सुटलेला चुन्याचा गिलावा, शेणमातीने सारवलेले कूड, लोणा लागलेली (क्षाराने झिजलेली) वीट अशा पृष्ठभागांचे काम हाच आता आमचा मुख्य व्यवसाय झाला आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली आहे. लघुप्रतिकृतीतील भिंत आधी बांधावी लागते आणि मग रंगवावी लागते; जी भिंत खरोखर उभी राहू शकली नसती, तिला कितीही कुशल हाताने रंगवले तरी ती खरी वाटत नाही.

आमची सुरुवात दिवाळीच्या किल्ल्यांपासून झाली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांना किल्ला करायला शिकवावे लागत नाही. मंडळे आणि सोसायट्या मोठे किल्ले करू लागल्या, तेव्हा त्यांना तयार तट आणि बुरूज हवे असत. आम्ही ते थर्माकोलचे करून देत असू. पुढे बांधकाम व्यावसायिकांच्या इमारतींची 1:100 प्रमाणातील, म्हणजे खऱ्या मापाच्या शंभराव्या भागाएवढी, मॉडेल्स मिळू लागली. त्या कामाने घर चालले, कार्यशाळेचे भाडे निघाले, हत्यारे आली. तिथे भिंत कोरी, सपाट आणि पांढरीच हवी असते, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

खरे वळण एका शाळेसाठी केलेल्या देखाव्यामुळे आले. औरंगजेबाच्या सैन्याने 1699च्या अखेरीस साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला, किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो अनेक महिने लढवला आणि एप्रिल 1700 मध्ये सुरुंगाच्या स्फोटाने ढासळलेला तट मोगलांच्याच सैन्यावर कोसळला, हा प्रसंग त्यांना हवा होता. अखंड तट करणे सोपे असते, परंतु फुटलेला तट करायचा म्हटले की त्याच्या पोटात काय आहे हे ठाऊक असावे लागते. आमच्या आळीत एक निवृत्त गवंडी राहतात, त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी आम्हाला गडावर नेऊन पडझड झालेल्या जागा दाखवल्या: दर्शनी बाजूला घडीव दगड आणि आत लहानमोठ्या अनघड दगडांची भर. "सांध्यावर सांधा आला की भिंत चिरली म्हणून समजा," हे त्यांचे वाक्य आजही प्रत्येक नव्या कारागिराला पहिल्या दिवशी सांगितले जाते. खालच्या रद्द्याचा, म्हणजे दगडांच्या आडव्या थराचा, उभा सांधा वरच्या दगडाच्या पोटाखाली यायला हवा, कोपऱ्याला मोठे आणि लांब दगड हवेत, कमानीला मधला कळीचा दगड हवा. पाहणाऱ्याला या गोष्टी नावानिशी माहीत नसतात, तरीही त्या नसल्या की त्याला काहीतरी खोटे आहे हे लगेच जाणवते.

दुसरी शिस्त प्रमाणाची. बाजारात मिळणारी अर्ध्या मिलिमीटरची बारीक वाळू 1:72च्या भिंतीवर लावली, तर तिचा प्रत्येक कण प्रत्यक्षात 36 मिलिमीटरच्या खड्याएवढा होतो. विटांमधला 10 मिलिमीटरचा सांधा 1:35 प्रमाणात जेमतेम 0.3 मिलिमीटर उरतो, म्हणजे साध्या पेन्सिलीची रेघही त्याला जाड पडते. म्हणून लहान प्रमाणात आम्ही वाळू पूर्णपणे टाळतो आणि चाळलेली खडूची भुकटी किंवा नुसता रंगच वापरतो. वीट 230 मिलिमीटर लांब आणि 75 मिलिमीटर उंच धरली, तर 1:24 मध्ये ती साडेनऊ बाय तीन मिलिमीटरच्या आसपास येते. या मापाला विटेची तुटलेली कडसुद्धा दाखवता येते. ग्राहक आधी आकार ठरवून येतात आणि प्रमाण नंतर विचारतात, हे मला नेहमी उलटे वाटते.

काळ्या पाषाणासाठी आम्ही एक्सपीएस फोम वापरतो. शीतगृहांच्या आणि गच्च्यांच्या उष्णतारोधनासाठी मिळणारे हे घट्ट तक्ते थर्माकोलसारखे दाणेदार नसतात, त्यामुळे त्यांत बारीक कोरीवकाम टिकते. वरची गुळगुळीत पापडी काढून टाकायची, रद्दे आखून सांधे पात्याने कापायचे, मग बोथट पेनाच्या टोकाने थोडे रुंदावायचे. दगडाचा पोत आणण्यासाठी चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉईलचा गोळा सर्वत्र वापरला जातो. आम्ही मात्र खाणीतून आणलेला बेसॉल्टचा, म्हणजे याच काळ्या पाषाणाचा, ताजा फुटलेला तुकडाच फोमवर दाबतो. घडीव दगड दाखवायचा असेल, तर त्यावर टाकीचे घाव तिरक्या बारीक रेघांनी एकाच दिशेने काढतो, कारण पाथरवटाचा हात एका बैठकीत दिशा बदलत नाही. रंगात निव्वळ काळा कधीही येत नाही. ताजा बेसॉल्ट निळसर करडा असतो, तर उन्हापावसात त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन वरचा थर तपकिरी होतो. त्यावर दगडफुलाचे फिकट, राखट हिरवे ठिपके येतात. हे ठिपके भिंतभर शिंपडणे मला मान्य नाही. पाणी जिथून उतरते, ओल जिथे टिकते आणि ऊन जिथे कमी लागते, तिथेच शेवाळाला जागा द्यायची. मेणवलीच्या घाटावर कृष्णेचे पाणी खाली गेले की पायऱ्यांवर रंगाचे आडवे पट्टे दिसतात, आणि वाईच्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत पुराचा लोंढा कापण्यासाठी माशाच्या आकाराची बांधलेली आहे. भिंतीवर पाणी कसे चालते हे आम्ही अशा ठिकाणी बसून पाहिले.

मातीच्या भिंतीने आम्हाला सर्वाधिक आनंद दिला आहे. गावठाणातली पांढरी माती मलमलीतून चाळून फेविकॉलमध्ये कालवली की 1:24च्या भिंतीला पुरेसा मऊ लेप मिळतो. सारवणाचे फराटे काढण्यासाठी बराच विचार करावा लागला. बाईचा तळहात साधारण आठ सेंटिमीटर रुंद धरला, तर या प्रमाणात तो तीन मिलिमीटरहून थोडा जास्त होतो; म्हणून तेवढ्याच रुंदीचा चपटा ब्रश घेऊन, खांद्यापासून फिरणाऱ्या हाताची कमान दिसेल असे दोन-अडीच सेंटिमीटरचे अर्धगोल फराटे एकावर एक चढवतो. चुलीच्या वरची काजळी कोळशाच्या भुकटीने, आणि जमिनीलगतचा गेरूचा पट्टा खऱ्या गेरूने. हे काम आमच्याकडे शेजारच्या दोन ताई करतात; त्यांनी लहानपणी खऱ्या भिंती सारवल्या आहेत आणि ते त्यांच्या हातात दिसते.

वाड्यांच्या ओतीव भागांसाठी सिलिकॉनचे साचे आणि प्लास्टर ऑफ पॅरिस लागते. संपूर्ण भिंतीचा एकच साचा आम्ही करत नाही, कारण तोच तुटका दगड शेजारच्या तुकड्यावर पुन्हा दिसला की डोळा लगेच पकडतो. सुटे दगड ओतून रचणे वेळखाऊ असले तरी आम्हाला तेच पटते. साताऱ्याच्या पावसाळ्यात प्लास्टर वाळायला फार वेळ घेते. तुकडा गालाला लावून पाहायचा. थंड लागला तर आत पाणी आहे, आणि त्यावर रंग दिला तर पोपडे निघणार. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात प्लास्टरच्या कामाची तारीख आम्ही जपूनच देतो.

2020च्या टाळेबंदीत बांधकामाची मॉडेल्स थांबली आणि घरी बसून छंद म्हणून प्रतिकृती करणाऱ्यांनी आमच्याकडे भिंतींचे तयार तुकडे मागायला सुरुवात केली. 1:35 च्या लष्करी देखाव्यांसाठी युरोपातील विटांची घरे, 1:87 च्या रेल्वे मॉडेलांसाठी स्थानकांच्या भिंती अशा मागण्या आल्या. त्यासाठी विटांच्या रचना अभ्यासाव्या लागल्या: इंग्लिश बाँडमध्ये एक थर लांब बाजूचा आणि एक थर टोकांचा, तर फ्लेमिश बाँडमध्ये एकाच थरात दोन्ही आलटून पालटून. आपल्याकडील जुन्या रेल्वे इमारतीसमोर उभे राहिले की हा फरक आता आपोआप मोजला जातो.

जुलै 2025 मध्ये प्रतापगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्यापासून किल्ल्यांच्या प्रतिकृतींची विचारणा वाढली आहे. अशी मागणी आली की आम्ही प्रथम त्या विशिष्ट तटाची, शक्य असल्यास पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली, छायाचित्रे मागतो. सध्या महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांसारखी जांभ्या दगडाची भिंत हाती घेतली आहे. एरवी फवारणीच्या रंगातील द्रावक फोम खातो म्हणून आम्ही तो दूर ठेवतो. जांभ्याची सच्छिद्रता आणण्यासाठी मात्र तोच द्रावक ब्रशने हलकेच फिरवतो आणि 1:24 मध्ये छिद्रे चांगली उतरतात. 1:72 मध्ये ती फार मोठी दिसतात, म्हणून तिथे तारेच्या ब्रशची टोके दाबून पाहण्याचे काम चालू आहे.