तीनशे सोळाचं सर्टिफिकेट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या टेस्टिंग लॅबमध्ये दिवस कसा जातो ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. सकाळी फौंड्रीचं पोर टेस्ट बार आणून टेबलावर आदळतं. आम्ही हार्डनेस घ्यायची, तुकडा कापून, घासून मायक्रोस्कोपखाली ग्रॅफाइट कसं पडलंय ते बघायचं आणि चारच्या आत रिपोर्ट हातात द्यायचा, कारण संध्याकाळी माल पुण्याला सुटायचा असतो. मटेरियल पास झालं तर कुणी आमचं नाव काढत नाही, फेल झालं तर लॅबच खराब. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरची हाउसिंगं यांच्यापलीकडे इथं फारसं काही येत नाही. त्यामुळं मार्चमधल्या एका शनिवारी शेजारच्या शेडमधले फॅब्रिकेटर काका काटकोनात वाकवलेल्या, भोकं पाडलेल्या चकचकीत पट्ट्या घेऊन आले, तेव्हा मला वाटलं सोलर पॅनेलचे ब्रॅकेट असतील.

"हे कड्याला मारायचंय," काका म्हणाले. "माणसं लोंबकळणार म्हणे याला. सांग की रे मॅडमना."

सोबत एक पोरगा होता, जांबोटीकडचा. बदामीच्या वालुकाश्मावर चढायला शिकलेला आणि नंतर थायलंडला क्राबीत एका क्लाइंबिंग स्कूलमध्ये मदतनीस म्हणून राहून आलेला. आता तळकोकणात समुद्राकाठच्या एका रिसॉर्टनं त्याला काम दिलं होतं: मागच्या कड्यावर पाहुण्यांना चढण्यासाठी आठ-दहा वाटा तयार करायच्या. वाट तयार करायची म्हणजे कड्यात ड्रिलनं भोक पाडून बोल्ट ठोकायचा, त्यावर ही पट्टी कसायची. तिला म्हणतात हॅंगर. हॅंगरच्या भोकात कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी, कॅरॅबिनरमधून दोर. वरचा माणूस घसरला की झटक्यासकट त्याचा सगळा भार या तीन मिलिमीटरच्या पत्र्यावर. युरोपच्या मानकात अशा अँकरनं आडव्या ओढीला 25 किलोन्यूटन सोसलं पाहिजे, म्हणजे ढोबळमानानं अडीच टन.

बाहेरून आणलेला हॅंगर महाग पडतो, म्हणून यांनी 316 ग्रेडच्या स्टेनलेसचा पत्रा आणून लेझरवर कापून घेतला होता. रिसॉर्टला हवं होतं 'मरीन ग्रेड'चं सर्टिफिकेट.

स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, ठिणगी मारली. क्रोमियम 16 ते 18 टक्क्यांमध्ये, निकेल 10 च्या वर, मॉलिब्डेनम 2 च्या वर. अस्सल 316. चुंबक घेऊन स्टेनलेस तपासणारे लोक उद्यमबागेत पैशाला पासरी मिळतात, पण नेहमीचं 304 आणि 316 मधला फरक चुंबकाला कळत नाही, तो या मॉलिब्डेनममध्ये असतो. काका खूश. "झालं तर मग! टाईप करा."

पोरगा हलला नाही. "ताई, अजून एक बघशीला काय?" म्हणत त्यानं सॅकमधून कापडी पिशवी काढली आणि टेबलावर जुने हॅंगर आणि बोल्ट ओतले. काहींवर तपकिरी डाग, काही मात्र धुवून पुसून ठेवल्यासारखे. "तिकडनं आणल्यात. कड्यातनं काढून टाकलेले. तिकडचे लोक म्हणायचे, हे चांगले दिसतात तेच मारतात. का ते मला कुणी नीट सांगितलं नाही."

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकताना मी रिपोर्टचा फॉर्म बाजूला सारला. क्राबीजवळ रायले म्हणून जागा आहे. मुख्य भूमीलाच लागून, पण मागं चुनखडीचे कडे असे उभे की रस्ताच नाही. आओ नांगहून लांब शेपटीच्या इंजिनाची लाकडी होडी पकडायची, ती किनाऱ्यापासून अलीकडं सोडते, सामान डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चालत जायचं. पूर्वेच्या बाजूला खारफुटी आणि ओहोटीला नुसता चिखल, पश्चिमेला वाळू. कडे पर्मियन काळातले, पंचवीस कोटी वर्षांहून जुने, पावसानं आणि समुद्रानं विरघळवून पोखरलेले. वरून चुन्याचे लोंबते सुळके, खाली पोटात घेतलेली कपार. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला गोऱ्या लोकांनी तिथं चढायला सुरुवात केली आणि आता स्थानिक थाई पोरं त्यांना शिकवतात.

"भरती असली की दोर नाही, काही नाही," तो म्हणाला. "होडीतनं थेट कड्याला हात घालायचा, वर जायचं, हात सुटला की पाण्यात. पण खाली पाणी किती आहे ते भरतीचं कोष्टक बघूनच. ओहोटीला उडी मारलास तर संपलास." हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. फ्रा नांगच्या किनाऱ्यावरच्या गुहेत कोळी लोक देवीला लाकडी लिंगं वाहतात, हेही त्यानं काकांकडं बघत सांगितलं. काकांनी छताकडं बघितलं.

मला पिशवीतल्या त्या डाग नसलेल्या हॅंगरची पडली होती. आमच्या मदतनीसाला डाय पेनेट्रंट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तडे दाखवणारा रंग, काढायला सांगितलं. तो बैलहोंगलचा, मराठी बोलता बोलता कधी कन्नडमध्ये शिरतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. हॅंगर क्लीनरनं पुसला, लाल द्रव फवारला, दहा मिनिटं थांबलो, कापडानं पुसून काढला आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. पट्टी चुना फासल्यासारखी पांढरी झाली. आधी काहीच नाही. मग वाकवलेल्या कोपऱ्यात एक लाल ठिपका उमटला. त्याची रेघ झाली. रेघेला फाटा फुटला, त्या फाट्याला आणखी दोन, आणि आम्ही बघत असताना भोकाच्या कडेपर्यंत लाल जाळी पसरत गेली. डोळ्यांना ज्यात एक ओरखडा दिसत नव्हता तो पत्रा आतून पार तडकलेला होता.

"मॅडम, यल्ला होयतु," मदतनीस म्हणाला. सगळं गेलं.

दुसरा हॅंगर कापून बेकेलाइटमध्ये मोल्ड केला, एमरी पेपरवर उतरत्या क्रमानं घासला, डायमंड पेस्टनं आरशासारखा केला, आतली रचना दिसावी म्हणून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये एच केला. मायक्रोस्कोपखाली तडे ग्रेनच्या, म्हणजे धातूच्या कणांच्या, कडेनं न जाता ग्रेनच्या आरपार गेलेले, पान झडलेल्या झाडासारखे फांद्या फोडत. कॉलेजात पुस्तकात पाहिलेलं चित्र, ओतीव लोखंडाच्या आमच्या धंद्यात प्रत्यक्ष कधी न दिसणारं. स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग.

याला तीन गोष्टी एकत्र लागतात: ज्याला हा रोग जडतो असा धातू, क्लोराइड आणि ताण. ताण म्हणजे कुणी लटकलेलंच असायला हवं असं नाही. पत्रा थंडपणी वाकवला तेव्हाच कोपऱ्यात ताण अडकून बसतो आणि नट आवळला की त्यात भर. क्लोराइड समुद्राच्या फवाऱ्यातून येतं. पुस्तकं सांगतात की साधारण 60 अंशांच्या खाली 304-316 ला याची भीती नाही. मग तिथं, तीस-बत्तीस अंशांत, कसं झालं? चुनखडी विरघळताना कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडते. त्यांची क्लोराइडं हवेतली ओल ओढून घेतात आणि पुरती सुकत नाहीत, त्यामुळं धातूवर अतितीव्र खाऱ्या पाण्याचा पातळ थर कायम बसून राहतो. वर ऊन. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट पोरग्याच्याच बोलण्यात होती. ते कडे इतके पुढं झुकलेले की धो धो पावसातही लोक कोरडे राहून चढतात. म्हणजे मीठ धुवून नेणारा पाऊस बोल्टपर्यंत पोचतच नाही. चढणाऱ्याला जी सोय, तीच त्या पत्र्याच्या मुळावर.

साधं लोखंड गंजतं, पापुद्रे सुटतात, ते बघून माणूस सावध तरी होतो. हा रोग जाडी कमी करत नाही, रंग बदलतोच असं नाही. रायलेला काही वर्षांतच असे बोल्ट तुटायला लागले, तेव्हा चढणाऱ्यांनी वर्गणी काढून टायटॅनियमचे बोल्ट रेझिननं चिकटवायला सुरुवात केली. कॅरिबियन समुद्रातल्या केमन ब्रॅक बेटावरही तेच झालं, तेही चुनखडीचंच.

काकांना मात्र हे चित्रांचं पुराण पटेना. "मायक्रोस्कोपखाली माझं तोंड बघितलं तरी तडे दिसतील. वजन किती घेतंय ते सांगा."

रास्त प्रश्न. पिशवीतला एक डाग नसलेला हॅंगर शॅकल लावून टेन्साइल मशीनवर, म्हणजे ओढून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, चढवला. पोरगा दोन पावलं मागं सरला. आकडा चढत गेला आणि पंचविसाच्या निम्म्यावरही न पोचता खट्ट झालं. स्टेनलेस तुटताना आधी ताणतं, वाकतं, भोक लांबट होतं. यातलं काहीही झालं नाही. दोन तुकडे, जोडले तर जसेच्या तसे जुळणारे. मग त्याच शॅकलमध्ये काकांचा नवा हॅंगर लावला. तो वाकला, भोक अंड्याच्या आकाराचं झालं, पंचवीस ओलांडून गेला तरी तुटेना. शेवटी मीच मशीन थांबवलं.

"बघा!" काका म्हणाले. "माझा माल कसा आहे."

माल चांगलाच होता. पण तो तुटलेला हॅंगरही कधीतरी असाच पंचवीसला उतरला असणार. मी स्पेक्ट्रोवर त्याचीही ठिणगी घेतली: 316. मॉलिब्डेनमसकट.

काका खुर्चीत बसले. चहा आला. मी त्यांना स्वित्झर्लंडमधल्या उस्टरची गोष्ट सांगितली. पोहण्याच्या बंदिस्त तलावाचं काँक्रीटचं छत स्टेनलेसच्या सळ्यांवर टांगलेलं, तलावातल्या क्लोरीनमुळं सळ्या असल्याच तडकल्या, 1985 मध्ये छत खाली आलं आणि 12 माणसं गेली. इमारत तेरा वर्षांची होती. काकांनी कपातली साय बोटानं काढली. "मग वेंगुर्ल्याला देवळाचं रेलिंग दिलंय मी 304 चं."

"त्याला काही होत नाही. तपकिरी डाग पडतील, पुजारी शिव्या देईल. रेलिंगला कुणी लटकत नाही."

पोरग्यानं खरा प्रश्न विचारला: कोकणात कुठं चुनखडी आहे? तिथं जांभा आणि काळा पाषाण. हे खरं, आणि पाऊसही इतका की कुठलंही मीठ धुवून जाईल. पण त्यानं फोनवर कड्याचे फोटो दाखवले, तर रिसॉर्टनं निवडलेल्या वाटा बरोब्बर पुढं झुकलेल्या भागात, पाहुण्यांना पावसातही चढता यावं म्हणून. तैवानला लाँग डाँगचा समुद्रकडा वालुकाश्माचा आहे आणि तिथंही स्टेनलेस तडकलं होतं. म्हणजे चुनखडी हा रोग वाढवते, पण ती नसली म्हणजे सुटका नाही. तडे जातीलच असं मी म्हणू शकत नव्हते, जाणार नाहीत असंही नाही. खानापूरच्या जंगलातला कडा असता तर डोळे झाकून सही केली असती.

रिपोर्टात मी घटक लिहिले, ग्रेड 316 लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली: ही चाचणी रासायनिक घटकांपुरती असून समुद्रकाठी कायमस्वरूपी टांगणीसाठीची योग्यता यात तपासलेली नाही.

"ती ओळ काढा की. रिसॉर्टवाला वाचून घाबरतोय."

"वाचावी म्हणूनच लिहिलीय, काका."

ते चिडले. त्यांच्या शेडमधून आमच्याकडं महिन्याला बरंच काम येतं, ते त्यांनी आडून सुचवलंही. मी त्यांच्या जागी असते तर मीही सुचवलं असतं. कापून, वाकवून तयार केलेला माल गोदामात पडला होता. पोरग्यानंच तोडगा काढला. तो माल बदामीकडच्या ओळखीच्या लोकांना खपवतो म्हणाला. तिथं समुद्र नाही, खडक वालुकाश्म, 316 आजन्म पुरेल. कोकणासाठी टायटॅनियमची सळी वाकवून डोळा करायचा आणि रेझिननं बसवायचा. वेल्डिंग करायचं म्हटलं तर दोन्ही बाजूंनी आर्गॉन लागतं, ते आपल्या भागात कोण नीट करणार? म्हणून पीळ देऊन, बिनवेल्डिंगचा.

"टायटॅनियम वाकवला की परत उसळतंय," काका म्हणाले. आवाज बदलला होता. "डायचा कोन जास्त घ्यावा लागंल. किती मिलिमीटरची सळी?"

पुढचा अर्धा तास दोघं माझ्या टेबलावर, माझ्याच रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर डायचं चित्र काढत बसले. मला तो दुसऱ्यांदा प्रिंट करावा लागला, त्या ओळीसकट.

रिसॉर्टवाल्याचं अजून होय-नाही काही नाही. दर ऐकल्यापासून तो फोन उचलताना बाहेरगावी असतो. काकांनी मात्र एक सळी मागवून घेतलीय. ती कितीला पडली ते विचारलं की ते विषय बदलतात.