शेवटचा स्टॉप, पाच पंचावन्न

हिंजवडीच्या अलीकडच्या एका खासगी इंग्रजी शाळेत मी ट्रान्सपोर्ट इन्चार्ज आहे. बस, ड्रायव्हर, अटेंडंट मावशी, डिझेल, फिटनेस सर्टिफिकेट, पालकांचे फोन असं सगळं माझ्याकडे. प्रत्येक बस सकाळी दोनदा मुलं आणते आणि दुपारनंतर दोनदा सोडते. सकाळी आधी पाचवीच्या पुढची मुलं येतात, त्यांची शाळा साडेसातची. त्यांना उतरवून तीच बस पहिली ते चौथीची मुलं आणायला जाते, त्यांची शाळा नऊला. दुपारी मोठी मुलं दोन दहाला सुटतात. बस त्यांना घरोघर सोडून चारच्या सुमारास शाळेत परत येते. लहानांचे वर्ग मात्र तीनलाच संपलेले असतात. मधल्या तासात त्यांना ‘ॲक्टिव्हिटी’ असते, तायक्वांदो, अबॅकस, रोबोटिक्स किंवा डान्स. चारातलं एक घ्यावंच लागतं आणि हजेरी सक्तीची. मग सव्वाचारला लहानांची बस सुटते.

पहिली ते चौथीच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हा राज्य सरकारचा निर्णय फेब्रुवारी 2024 चा. त्याआधी डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला होता. हेतू चांगलाच होता. बसमालकांनी फेऱ्यांचं गणित बिघडेल म्हणून विरोध केला, तरी आमच्या शाळेने पहिल्या दिवसापासून तो पाळला. सकाळी पेंगत चढणारी पहिलीची मुलं डोळे उघडे ठेवून चढायला लागली, हे मी स्वतः पाहिलं. पण तो निर्णय शाळा भरण्याच्या वेळेचा होता. त्यापायी सुटण्याची वेळही उशिराची झाली आणि लहान मुलांची बस थेट आयटी कंपन्यांच्या सुटण्याच्या गर्दीत जाऊन पडली.

जुलैतला दिवस होता. पाऊस सकाळपासून लागून राहिलेला, भूमकर चौकात पाणी आणि हिंजवडीकडचा रस्ता मेट्रोच्या कामामुळे आधीच अरुंद. सात नंबरची बस रखडली होती. सहाच्या सुमारास मावशींचा फोन आला. काळेवाडी फाट्याच्या स्टॉपवर दुसरीतल्या एका मुलाचे आजोबा छत्री घेऊन उभे, आणि मुलगा बसमध्ये नाही.

चढताना मावशींनी त्याच्या नावापुढे खूण केलेली होती. स्टॉप आल्यावर नाव पुकारलं तर उत्तर नाही, नेहमीची सीट रिकामी. शेजारचा मुलगा म्हणाला, “तो डांगे चौकात मित्राबरोबर उतरला, त्याचा बड्डे आहे.” मावशींनी ते खरं मानून बस पुढे नेली नाही. ड्रायव्हर मामांना बस कडेला घ्यायला सांगितली, आजोबांना आत बसवलं आणि मला फोन लावला. मी त्या मित्राच्या आईला फोन केला. वाढदिवस खराच होता, पण मुलगा त्यांच्याकडे नव्हता. मी गाडी काढली आणि पावसात निघालो. अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय काय येतं ते लिहायला नको.

मी पोचलो तोवर मुलगा सापडला होता. मावशींनी मोबाइलचा टॉर्च लावून एकेक सीटखाली पाहिलं होतं. शेवटच्या बाकाखाली, दप्तरांच्या ढिगामागे, तो कुशीवर वळून गाढ झोपला होता. तायक्वांदोचा पांढरा ड्रेस तसाच अंगावर, पट्टा कमरेला दोन वेढे देऊन बांधलेला. मागे मुलं ओरडत होती, मामा हॉर्न वाजवत होते, मावशी नाव घेऊन हाका मारत होत्या आणि त्याला यातलं काही ऐकू आलेलं नव्हतं. मी उचलला तेव्हाही जागा झाला नाही. गालावर बसच्या रबरी मॅटच्या आडव्या रेघा उठल्या होत्या.

आजोबा घाबरून गेले होते. “अहो, हा असा का पडलाय? काही झालंय का ह्याला?” असं परत परत विचारत होते. फाट्याजवळच एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे आम्ही त्याला नेलं. ताप नाही, मार नाही. तपासताना तो जागा झाला, त्याने पाणी मागितलं आणि आजोबांना बिलगून बसला. डॉक्टरांनी त्याला बिस्किट दिलं आणि आजोबांना विचारलं, “उठतो किती वाजता, झोपतो किती वाजता?”

आजोबांनी सांगितलं ते मी ऐकत होतो. पावणेसातला उठतो, सात पन्नासला स्टॉपवर. घरी यायला साडेपाच, पाऊस असला की सहा. मग दूध, थोडा खेळ, गृहपाठ. आई-बाबा साडेआठला येतात, मुलगा त्यांच्यासाठी जागा असतो. जेवून अंथरुणावर पडायला साडेदहा. डॉक्टर म्हणाले, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते. याला आठच्या थोडी वर मिळते आणि दिवसभर पाठ टेकायची सोय नाही. शरीराने बसमध्ये जागा शोधली, इतकंच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून मावशींना लेखी खुलासा मागायचं चाललं होतं. मी सांगितलं की खुलासा मी देतो. चढतानाची नोंद बरोबर होती, उतरताना नाव पुकारलं, मूल दिसत नाही म्हटल्यावर बस हलू दिली नाही, प्रत्येक सीटखाली पाहिलं. स्कूल बसच्या 2011 च्या नियमांत अटेंडंट ठेवायला लावली आहे ती याच कामासाठी, आणि ते त्यांनी चोख केलं. मूल बाकाखाली जाऊन का झोपलं, याचं उत्तर त्यांच्याकडे कसं असणार?

त्याच दुपारी मी तीन वाजता हॉलमध्ये जाऊन बसलो. एरवी या वेळी मी गेटवर परतणाऱ्या बसची वाट पाहत असतो. पहिली-दुसरीची पन्नासेक मुलं तायक्वांदोच्या रांगेत उभी होती. शिकवणारे सर तरुण आणि मनापासून शिकवणारे, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं मुलं जोरात होती. मग मागची रांग बसू लागली. एक मुलगी भिंतीला टेकून बुटाची नाडी सोडत-बांधत राहिली. दोघं पालथे पडले. सर त्यांना उठवत होते, कारण पर्यवेक्षिका हजेरी घ्यायला येणार होत्या. मी सरांना विचारलं, ज्याला नको असेल त्याला बाहेर मैदानावर सोडलं तर? ते म्हणाले, “सर, माझं बिल मुलांच्या डोक्यांवर निघतं. आणि सोडणार कुठे? बस कुठे आलीय अजून?”

हे वाक्य माझ्याच खात्याचं होतं. ॲक्टिव्हिटी सक्तीची का, याचं माहितीपत्रकातलं उत्तर ‘सर्वांगीण विकास’. खरं उत्तर असं की मुलांचे वर्ग तीनला संपतात आणि बस चारला येते. मधला तास कुठेतरी घालवायला हवा, आणि घालवायचाच आहे तर त्याची फीसुद्धा घेता येते. 2020 च्या शैक्षणिक धोरणात कला-क्रीडांना अभ्यासाच्या बरोबरीने स्थान द्या म्हटलं आहे. ते मला मनापासून पटतं. पण बरोबरीने म्हणजे वेळापत्रकाच्या आत. दमलेल्या मुलाच्या दिवसाला शेवटी आणखी एक तास जोडून ते साधत नाही.

मग मी एक तक्ता केला. शाळेकडे वेळा असतात त्या घंटेच्या, नऊ ते तीन, नऊ ते चार. मी प्रत्येक स्टॉपसाठी मूल घराबाहेर पडल्याची आणि घरी परतल्याची वेळ मांडली, जीपीएसच्या नोंदींवरून, महिन्याभराची. रहाटणीचा शेवटचा स्टॉप कोरड्या दिवशी पाच पंचावन्न. तिथली पहिलीतली मुलगी सकाळी सात चाळीसला चढते. सव्वादहा तास. सहा वर्षांची मुलगी. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवलंय, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. चार तासांच्या शिकण्यासाठी सव्वादहा तास घराबाहेर, हा हिशोब मी तक्त्याच्या खालीच लिहिला.

शालेय परिवहन समितीची बैठक एरवी दहा मिनिटांत उरकते, विमा, पीयूसी, स्पीड गव्हर्नर, सह्या. या वेळी मी तक्ता ठेवला. प्रिन्सिपल मॅडम अध्यक्ष असतात. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “हा सगळ्या पालकांपुढे जायला हवा.” तो पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत गेला. फी-नियमनाच्या 2011 च्या कायद्यामुळे ॲक्टिव्हिटीची फीही त्याच समितीसमोर येते, त्यामुळे दोन्ही विषय एकाच टेबलावर आले. हे बरंच झालं.

तिथे जे झालं त्याने मलाही विचार करायला लावलं. मला वाटलं होतं, पालक एकमुखाने म्हणतील की मुलं लवकर सोडा. एक आई उठून म्हणाल्या, “तीनला सोडाल, पण साडेतीनला घरी आहे कोण? आम्ही दोघं आठनंतर येतो. पाळणाघराचे पैसे वेगळे, तिथे सोडायला माणूस वेगळा. मला अबॅकस नकोय, पण माझं पोरगं चारपर्यंत सुरक्षित कुठेतरी हवंय.” त्यांचं चुकत नव्हतं. ज्या घरात आजी-आजोबा नाहीत, त्या घराला हा तास लागतो, आणि अशी घरं आमच्याकडे निम्म्याहून कमी नाहीत.

मी एवढंच बोललो, की मुलाला सांभाळायचं असेल तर सांभाळूया. त्यासाठी त्याला रांगेत उभं करायची, हजेरी घ्यायची, परीक्षा आणि पट्टे द्यायची गरज नाही. ज्याला खेळायचंय तो मैदानावर जाईल, ज्याला शिकायचंय तो शिकेल, ज्याला पडायचंय त्याला सतरंजी द्या. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क लिहिलाय, भारताने ती 1992 साली स्वीकारली आहे. दिवसभरात एक तास तरी मुलाला काय करायचं ते त्याला ठरवू द्यावं, असं मला फार वाटतं.

वाद बराच झाला. कंत्राटाचे पैसे आधीच दिलेले, दोन मिनी बस वाढवायच्या तर खर्च कुणी करायचा, मैदानावर लक्ष कोण ठेवणार. मिनी बसचा आकडा मी काढूनच नेला होता. ॲक्टिव्हिटीची फी ऐच्छिक केली, तर तो बसून जात होता. दिवाळीनंतर पहिली आणि दुसरीची सक्ती उठली. रहाटणी आणि पिंपळे सौदागरच्या ज्या मुलांच्या घरी कुणी असतं, त्यांना घेऊन मिनी बस तीन वीसला निघते. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, मुलं सव्वाचारच्या आत घरी असतात. उरलेल्यांसाठी वाचनालयाच्या बाजूची खोली उघडी असते, तिथे सतरंज्या घातल्यात. मैदानाची पाळी शिक्षक आणि दोन मावशी मिळून करतात, मावशींना त्याचा वेगळा भत्ता मिळावा हे मी लावून धरलं आणि तो मिळाला. तायक्वांदोला आता वीसएक मुलं राहिलीत. सर मला म्हणाले, एवढ्यांनाच नीट शिकवता येतं.

काळेवाडी फाट्याचा तो मुलगा आता मिनी बसने जातो. आजोबा स्टॉपवर चार वाजताच येऊन उभे असतात.

तिसरी-चौथीची सक्ती अजून आहे. त्यांचं आणि पाचवीपुढच्यांच्या शनिवारच्या सक्तीच्या क्लबचंही मोजमाप मी सुरू केलंय. मोठ्यांची पहिली बस पहाटे सहा दहाला पहिल्या स्टॉपवर असते, त्या मुलांच्या झोपेकडे तर कुणाचं लक्षच गेलेलं नाही. मार्चच्या बैठकीआधी दोन्ही तक्ते तयार ठेवायचे आहेत.