जाड साखरेसारखा बर्फ: गुलमर्गच्या तयारीची नोंद

गुलमर्गचा बेत पक्का झाल्यापासून आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपचा सगळा अभ्यास बर्फाच्या थरांवर चाललाय. आधी आम्ही फक्त ताजा बर्फ किती फूट पडला एवढंच बघायचो. आता पहिला प्रश्न हा असतो, की तो पडला कशावर?

डिसेंबरात बर्फ थोडाच साठलेला असतो, त्यात निरभ्र, कडाक्याच्या रात्री. जमिनीलगतचं तापमान शून्याच्या आसपास राहतं आणि पृष्ठभाग मात्र उणे १५-२० पर्यंत गार होतो. दर १० सेंटिमीटरला साधारण १ अंशाहून जास्त फरक पडला, की खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण टोकदार, पैलूदार होत जातात. यांनाच फॅसेट म्हणतात. हातात घेतले तर कारखान्यातल्या जाड साखरेसारखे बोटांतून गळतात, गोळा काही केल्या होत नाही. त्यावर जानेवारीत जोराचा हिमवर्षाव झाला, वाऱ्याने तो दाबून घट्ट केला, की वर जड स्लॅब, म्हणजे बर्फाचा एकसंध घट्ट थर, आणि खाली ही साखर. मग स्लॅब सुटून हिमस्खलन व्हायला एका माणसाचं वजनसुद्धा पुरतं. चालताना 'धप्प' आवाज होऊन बर्फ खचला, तर खालचा थर मोडलाय हे नक्की. तिथे खड्डा खणून तपासत बसायचं नाही, उतार सोडायचा.

खड्डा खणलाच, तर ३० बाय ९० सेंटिमीटरचा स्तंभ मोकळा करायचा आणि एका टोकावर फावडं ठेवून त्यावर थापा मारायच्या: १० मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. नुसती भेग पडली म्हणजे झालं नाही. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन पळते का, हे बघायचं. पळाली तर त्या उतारावर जायचं नाही. नाही पळाली म्हणून परवानगी मिळाली, असं मी तरी धरणार नाही. दहा पावलांवर थर वेगळा असू शकतो.

इथे बर्फ नाही, पण उतार आहेत. जोतिबाच्या डोंगरावर आणि मसाई पठाराच्या कडेला आम्ही क्लायनोमीटरने कोन मोजतोय. आधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा, मग मोजायचं. स्लॅब बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यामुळे २७ आणि ३३ मधला फरक नजरेला कळलाच पाहिजे. गुलमर्गच्या अफरवट शिखरावर थराबद्दल शंका आली तर ३० च्या आतच राहायचं, आणि वर तीव्र उतार असेल तर त्याच्या पायथ्याशीही थांबायचं नाही, हे सगळ्यांनी आधीच कबूल केलंय. चंदिगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन बुलेटिनही रोज वाचतोय; धोक्याच्या पाच पातळ्यांतली ३ आली की बेत बदलायचा.

पुढच्या रविवारी बीकनचा, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायच्या रेडिओ यंत्राचा सराव. शोधताना मोबाइल बीकनपासून निदान ५० सेंटिमीटर लांब, खरं तर बंदच ठेवा. बॅटऱ्या नव्या आणा.