96 ची होंडा अकॉर्ड, पुढच्या ब्रेक डिस्क: डावा हब नट सुटला

मंडळी, पुढच्या ब्रेक डिस्क बदलतोय, आणि डाव्या बाजूचा हब नट (चाक ज्यावर बसतं त्या हबला एक्सलवर धरून ठेवणारा मोठा नट) सुटला. डिस्क अजून जागेवरच आहे, पण या कामातला सगळ्यात चिवट भाग पार पडला.

ज्यांनी ही गाडी उघडलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1990 ते 1997 च्या अकॉर्डमध्ये पुढची डिस्क हबच्या मागे बोल्टने बसवलेली असते. बऱ्याच गाड्यांत कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढला की डिस्क हातात येते. इथे 36 मिलिमीटरचा हाच नट सोडवून ती हबसकट बाहेर काढावी लागते. म्हणूनच होंडाची शिफारस डिस्क गाडीवरच घासून घेण्याची. माझ्या डिस्क मात्र 21 मिलिमीटरच्या किमान जाडीला टेकल्यात, त्यामुळे बदलणं भागच होतं.

हा नट 245 न्यूटन मीटरला आवळलेला असतो आणि त्याची पातळ कॉलर एक्सलच्या खाचेत ठोकून दाबलेली असते. त्यात न्यू जर्सीचे हिवाळे आणि रस्त्यावरचं मीठ! बहुतेक जण इथे थेट पाइप लावून जोर करतात. माझ्या मते खरं काम कॉलरचंच आहे. ती खाचेत अडकलेली असताना नट फिरवला तर आटे खरवडले जातात, आणि आटे गेले की एक्सलच बदलावा लागतो. टॉर्च मारून पाहिलं तर खाच लाल भुकटीने बुजलेली, कॉलर कुठे संपते तेच कळेना. तारेचा ब्रश मारला, बारीक छिन्नीने भुकटी उकरली, मग छिन्नीचं टोक कॉलरखाली सरकवून हलक्या हाताने ठोकत तिची कड वर उचलली. पीबी ब्लास्टर हे गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू दिलं. ज्वाळेने तापवायचं नाही, कारण आत बेअरिंगचं ग्रीस आणि सील असतं, पलीकडे सीव्ही बूट, म्हणजे एक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण.

नट सोडवताना चाक लावलेलंच ठेवलं, गाडी जमिनीवर, मधली कॅप काढून सॉकेट आत. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, म्हणून लेकाला ब्रेक पेडल दाबून बसवलं. सहाकोनी इम्पॅक्ट सॉकेट, पाऊण इंची ब्रेकर बार, त्यावर लोखंडी पाइप, एकूण लांबी सव्वा मीटर. अर्धा इंची रॅचेटच्या वाटेला जाऊ नका, आतले दाते तुटतात. पाइपच्या टोकाला 50 किलो वजन टाकलं तरी नटावर 600 न्यूटन मीटरच्या वर जोर पोहोचतो, मग झटके कशाला? दोन्ही बाजूंचे आटे सरळच आहेत, उलटे नाहीत. बार जमिनीला समांतर धरून हळूहळू भार टाकत गेलो. पाइप जरासा वाकला, कडकन आवाज आला आणि बार हातभर खाली गेला.

पाव फेरा सैल झाल्यावर लगेच थांबलो. बेअरिंगच्या आतल्या रिंगा याच नटाच्या दाबावर एकत्र असतात, त्यामुळे नट सैल असताना चाकावर गाडीचा भार ठेवू नये, गाडी ढकलूही नये. जॅक लावून गाडी स्टँडवर घेतली.

आता एक्सल हबच्या स्प्लाइनमध्ये (एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांमध्ये) धरून बसलाय. नट एक्सलच्या टोकाच्या पातळीत आणून त्यावर पितळी हातोडी मारणार, म्हणजे आटे वाचतील. बसवताना मात्र नवाच नट, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराला आवळायच्या पान्याने) 245 न्यूटन मीटर, मग पंचने कॉलर खाचेत. उजवीकडचा गंज जास्त दिसतोय, तिथली खाच आज रात्रीच उकरायला घेतो.