पाट्यांची पाठ

जीवविज्ञान संशोधनाच्या एका कॅम्पसमधल्या पाट्यांचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी मुद्दाम ट्रेनने गेले. स्टेशनचा जिना चढून वर आले तर समोरची पाटी पाठमोरी. करडा पत्रा, दोन खांब, चार बोल्ट. पुढची तशीच, तिच्या पुढचीही तशीच. सगळ्या पाट्या मोटारींच्या फाटकाकडे तोंड करून उभ्या. स्टेशनला लागून वसवलेला कॅम्पस, लोकांनी गाडी घरी ठेवावी म्हणून पार्किंगही कमी ठेवलेलं, आणि चालत येणाऱ्याच्या वाट्याला पाट्यांची पाठ! मला ते फार लागलं.

त्या आठवड्यात ती वाट मी ११ वेळा चालले. जिथे पाऊल अडखळलं तिथे खडूने फुली मारली. अशा ७ जागा निघाल्या. पाटी हवी ती तिथे. बाकीचा पत्रा वाया. पर्यावरणाची काळजी माझ्या मते इथून सुरू होते, रिसायकल केलेल्या ॲल्युमिनियमची गोष्ट नंतरची.

जमिनीखालून वर येणाऱ्याला दिशेचं भान नसतं. म्हणून जिन्याच्या तोंडाशी जो नकाशा लावला, त्यात उत्तर वर नाही. माणसाच्या समोर जे आहे ते वर आहे. अंतर मिनिटांत दिलं. ४०० मीटर म्हणजे साधारण ५ मिनिटं, पण ती धडधाकट माणसाची. औषधाच्या चाचणीसाठी उपाशीपोटी येणारे लोकही याच वाटेने जातात, म्हणून बाक कुठे आहेत तेही नकाशावर दाखवलं.

नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी १९६० मध्ये शहरांबद्दल लिहिताना ‘वेफाइंडिंग’, म्हणजे वाट शोधणं, हा शब्द वापरला आणि खुणेच्या वास्तूंना मोठं स्थान दिलं. आमच्याकडची खूण सुरक्षारक्षकांनी आधीच शोधून ठेवली होती: द्रव नायट्रोजनची उंच पांढरी टाकी. ‘टाकीपाशी डावीकडे वळा,’ असंच ते सगळ्यांना सांगायचे. वास्तुविशारदांना ती टाकी झाडांआड लपवायची होती. मी ती नकाशावर काढली.

खरा वाद झाला रंगावरून. कॅम्पस हरित, तेव्हा पाट्या हिरव्या हव्यात, असा आग्रह होता. पण इमारतीत हिरवा रंग आधीच एका कामाला लागलेला असतो: बाहेर पडण्याचा मार्ग, दाराकडे धावणारा माणूस. धूर भरलेल्या कॉरिडॉरमध्ये हिरवं दिसलं की तिकडेच धावायचं, हे डोक्यात बसलेलं असतं. त्याच रंगात कॅन्टीनचा बाण काढायला माझा हात धजेना. तीन बैठकांनंतर गडद जांभळा ठरला.

मग धोक्याची चिन्हंही कॅम्पसच्या रंगात ‘मिसळून जातील’ अशी करा, असं कुणीतरी सुचवलं. तिथे मी हट्टाला पेटले. जैविक धोक्याचं चिन्ह १९६६ मध्ये डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीत चार्ल्स बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं. लक्षात राहील, पण आधीपासून काहीच अर्थ चिकटलेला नसेल, असं चिन्ह त्यांना हवं होतं; अर्थ लोकांना नंतर शिकवायचा होता. तिन्ही बाजूंनी सारखं, म्हणजे खोका कसाही पडला तरी ओळखू येतं. इतक्या विचाराने वेगळं उठून दिसायला बनवलेली गोष्ट मिसळून कशी टाकायची? पिवळा त्रिकोण पिवळाच राहिला.

इमारतींना अक्षरं दिली, स्टेशनपासून क्रमाने. कंपन्यांची नावं मात्र सरकत्या पट्ट्यांवर. लहान बायोटेक कंपन्या वाढतात, जागा बदलतात, बंदही पडतात. तेव्हा पट्टी बदलते, पाटी तशीच राहते.

प्रयोगशाळेतलं काम घड्याळ बघून संपत नाही. पेशींना खाद्य घालून रात्री ११ वाजता बाहेर पडणाऱ्या एका संशोधिकेने मला विचारलं होतं, ‘येतानाचं झालं, जातानाचं काय?’ म्हणून आता प्रत्येक पाटीच्या पाठीवरही मजकूर आहे. एकच ओळ, मोठ्या अक्षरांत: स्टेशन, आणि तिथपर्यंत किती मिनिटं.